तिला काय येत नाही

आमच्या मुलीला पंचवीस टक्के मिळाले, त्या संध्याकाळी सासऱ्यांनी सदर बाजारातून पेढे आणले. चांगले खव्याचे, वर पिस्ता लावलेले. दिवाळीलासुद्धा ते असे पेढे आणत नाहीत.

"पंचवीसच!" ते दारातूनच म्हणाले. "मला वाटलं होतं, साठ-सत्तर तरी सांगतील. पोर आपली बरीच शहाणी निघाली, सूनबाई."

मी नुकतीच दुकानातून आले होते. नवऱ्याने कागद माझ्या हातात दिला. अपंगत्वाच्या दाखल्यावर टक्के लिहिलेले असतात. किती बिघडलंय, त्याचे टक्के.

"मामंजी, चाळीस हवे होते," मी म्हटलं.

"कशाचे चाळीस?"

"अपंगत्वाचे. चाळीस किंवा वर असले तर सरकारी मदत मिळते. पंचवीस म्हणजे आपण नापास."

ते खोका हातात धरून उभे राहिले. जन्मभर टहरौलीच्या प्राथमिक शाळेत गणित शिकवलेला माणूस. टक्के कमी आले तर ते चांगलं की वाईट, हे कोणाकडून समजून घ्यावं लागेल, असं त्यांना कधी वाटलं नसणार.

मुलगी खोक्याकडे बघत होती. "पेढा घे," मी तिला म्हटलं.

"पेढा घे," ती म्हणाली, आणि घेतला नाही. हातात ठेवल्यावर खाल्ला.

सासऱ्यांना मामंजी म्हणणारी आमच्यासारखी घरं झाशीतही आता थोडीच राहिली आहेत. आमचे पूर्वज कधीतरी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. माझं सदर बाजारात शिलाईचं दुकान आहे. वर्द्या आत घेणं, बाहेर काढणं, पट्ट्या लावणं, आणि फौजी बायकांचे ब्लाउज. बबीन्याच्या छावणीतून येणारी एक साताऱ्याकडची मुलगी मला एकदा म्हणाली, "काकू, तुमची मराठी म्हणजे माझ्या पणजीची साडी. आणि तिला फॉल हिंदीचा." मी तिला म्हटलं, फॉल लावला म्हणूनच टिकली.

आमच्या घरात मराठी टिकली ती मात्र मामंजींमुळे. नवरा औषधांच्या घाऊक दुकानात हिशेब बघतो आणि हिशेब करतो हिंदीत. थोरला मुलगा पुण्यात शिकतो, तो इंग्रजीत मोजतो. धाकटी ही मुलगी, तेव्हा अकरा संपून बारावं लागलं होतं. जन्मताना ती रडली नाही. उशिरा रडली. पुढचं सगळंच उशिरा झालं आणि बरंचसं झालंच नाही. ती दिसायला नीटनेटकी आहे, उंच, केस दाट. बोलते, पण आपण बोलू त्याचं शेपूट धरून बोलते. "चाय पियोगी?" विचारलं तर "पियोगी" म्हणते. अनोळखी माणसाला ते उत्तरच वाटतं.

एक गोष्ट मात्र ती पुरी म्हणायची, ती म्हणजे पाढे. संध्याकाळी देवाशी दिवा लागला की मामंजी मांडी घालून बसत, ही त्यांच्यासमोर. ते मांडीवर ताल धरत आणि सुरू होई, बे एके बे, बे दुणे चार. बेचा, तीनचा, मग पावकी, निमकी. चालीवर, डोलत, न चुकता. त्यांच्या मुलाने हे पाढे शाळेत जाताच विसरून टाकले होते, नातू शिकलाच नाही. हिने उचलले. मामंजी पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या घरात पावकी येणारी दोनच माणसं उरलीत." हिला दोन चमचे आणायला सांगितले तर ती मूठभर आणायची, पण त्याकडे दिव्याच्या वेळी कोणी लक्ष देत नसे. मीही नाही. त्या वेळी मी कुकर लावत असे.

मदत आम्हाला शाळेसाठी हवी होती. प्रेमनगरात आमच्या घराजवळून विशेष मुलांच्या शाळेची गाडी जाते. शाळा लहान आहे, एका घरातच चालते. साध्या शाळेत ही मागच्या बाकावर वर्षानुवर्षं बसून होती. तिथे कोणी मारलं नाही, कोणी शिकवलंही नाही. या शाळेत आम्ही तिला काही महिने घातलं ते दाखला आणून देऊ या बोलीवर. दाखला असला की शाळेचा, गाडीचा आणि उपचाराचा खर्च मदतीतून निघतो, आणि जागाही अशाच मुलांसाठी राखलेल्या असतात. तिथे ती बटणं रंगाप्रमाणे वाट्यांत टाकायला शिकली. मी दुकानातली सुटी बटणं पाठवायची. सकाळी उठली की दप्तर पाठीला लावून दारात उभी, गाडीला अजून अवकाश असला तरी. जन्मल्यापासून पहिल्यांदा ही मुलगी कशाची तरी वाट बघत होती.

तपासणीच्या दिवशी मी गेले नव्हते. एका पलटणीची बदली निघाली होती आणि दुकानात वर्द्यांचा ढीग होता. नवरा आणि मामंजी तिला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या बोर्डापुढे घेऊन गेले. मी फक्त तिला न्हाऊ घातलं, दोन वेण्या घातल्या आणि पिवळ्या फ्रॉकला इस्त्री केली. बोर्डापुढे काय झालं ते मला पेढ्यांच्या संध्याकाळी कळलं.

"डॉक्टर एकदम खूश झाले होते अगं," नवरा म्हणाला. "बाबांनी तिला नमस्कार करायला लावला, तिने वाकून केला. मग पाढा म्हणून दाखवला. डॉक्टर म्हणाले, वाह."

"आणि विचारलं काय काय?"

"हेच. खाती है? नहाती है? रास्ता पहचानती है?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

नवरा मामंजींकडे बघायला लागला. मामंजी भिंतीकडे.

"करते म्हणून सांगितलं," मामंजी म्हणाले. "मग काय सांगायचं? चार परक्या माणसांत, पोर समोर बसलेली असताना?"

मला हसूच आलं. आमच्याकडे मुलगी दाखवायला काढली की हेच चालतं. स्वयंपाक येतो का? येतो. शिवण येतं का? येतं. मला बघायला आले होते तेव्हा मला पुरणपोळी येते असं माझ्या आईने सांगितलं होतं आणि मामंजींनी ते खरं धरलं होतं. ते बोर्डापुढे नातीला घेऊन गेले, ते स्थळ आल्यासारखे गेले. आणि पसंती आली.

दुसऱ्या दिवशी शेजारीणही आली. "बधाई हो भाभी जी. सरकार ने भी कह दिया, लड़की ठीक है."

"सरकार को एक दिन के लिए दे दूँ?" मी म्हटलं. ती चहा न घेता गेली.

मदतीचा अर्ज नामंजूर व्हायला वेळ लागला नाही. पात्र नाही, एवढंच आलं. शाळेतल्या बाईंना सगळे मॅडम जी म्हणतात, मी त्यांना भेटायला गेले. त्या माझ्याहून लहान आहेत, आवाज पोलिसासारखा. त्यांनी दाखला वाचला आणि परत दिला.

"अपील कीजिए. सत्र खत्म होने तक सीट रोकती हूँ. उसके बाद मेरे हाथ में नहीं है. बाहर और बच्चे बैठे हैं."

"अपील में अलग क्या होगा?"

"इस बार आप जाइए. जो पूछें, सच बताइए. पूरा सच. और उसकी मदद मत कीजिए. वो अटके तो अटकने दीजिए. माँ लोग वहीं गड़बड़ करती हैं, इशारा कर देती हैं. अपने हाथों पर बैठ जाइएगा."

मी अपील घालायला गेले तेव्हा मुलगी बरोबर होती, कारण त्या दिवशी शाळेची गाडी आली नव्हती आणि मामंजी बाहेर गेले होते. दाराशी बसलेल्या शिपायाने तिच्याकडे बघितलं. तिने हात जोडून "नमस्ते जी" केलं. आमच्या घरचं वळण.

"मौड़ी तो नोनी है, दीदी," तो म्हणाला. पोरगी छान आहे की. "काय खों ठप्पा लगवा रईं?" कशाला शिक्का मारून घेताय?

"भैया, तुम्हारा नाम पूछूँ तो बताओगे?"

"काय नईं बताएँगे."

"इससे पूछो."

त्याने विचारलं, "का नाम है बिटिया?"

"नाम है बिटिया," ती हसून म्हणाली.

मग उठून त्याने मला कोणत्या खिडकीत जायचं ते दाखवलं, आणि मी परत येईपर्यंत तिच्याकडे लक्ष ठेवलं. माणूस वाईट नव्हता. ती ठीकच दिसते. तिच्या दिसण्यावर आम्ही अकरा वर्षं मेहनत घेतली होती.

घरी मी मॅडम जींचं म्हणणं सगळ्यांना सांगितलं. नवऱ्याने मान हलवली. त्या संध्याकाळी दिवा लागला, ही नेहमीसारखी मांडी घालून बसली, आणि मामंजी बाहेर गच्चीत जाऊन उभे राहिले.

ती थांबली. मग स्वतःच सुरू झाली, बे एके बे. मामंजी आत आले, तिच्यासमोर वाकले आणि ओठांवर बोट ठेवलं. "शू."

"शू," ती म्हणाली.

"मामंजी, हे कशाला?" मी स्वयंपाकघरातून विचारलं.

"पाढे ऐकूनच तो डॉक्टर फसला, सूनबाई. मी बघत होतो ना त्याचं तोंड. पाढे म्हणणाऱ्या पोरीला कोण मदत देईल? अपिलापर्यंत ती विसरायला हवी."

मला ते पटलं असं नाही, पण खोटंही वाटलं नाही. शाळेत आयुष्य घालवलेले ते. परीक्षा घेणाऱ्याचं तोंड त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळणार. आणि मला दुसरी कामं होती. आधार, जुने कागद, जन्माच्या दवाखान्याचा पुरावा, फोटो. मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

त्यांनी केलं. ते जे हाती घेत ते नेमाने करत. रोज दिवा लागला की ती बसे, रोज ते ओठांवर बोट ठेवत. आधी ती हसायची, तिला तो नवा खेळ वाटला. मग तिने ताल धरून बघितला, त्यांच्या मांडीवर थापट्या मारून, जशा ते मारत. त्यांनी तिचा हात धरून खाली ठेवला. मग एक संध्याकाळ ती त्यांच्यासमोर नुसती बसून राहिली, दिव्याकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते आणि किती झाल्या ते विसरले. भात लगदा झाला. तोच सगळ्यांनी खाल्ला.

त्यानंतर दिव्याच्या वेळी ती खिडकीशी जाऊन बसायला लागली. मामंजी त्या वेळी खाली फिरायला जायला लागले.

मीही माझी तालीम केली. जेवताना तिच्या शेजारी बसायचं आणि हात मांडीखाली ठेवायचे. पोळी तिला तोडता येत नाही, ती दोन्ही हातांनी ओढते आणि अख्खी पोळी वाटीत पडते. रोज मी काही न बोलता तुकडे करून देते, इतकी वर्षं देत आलेय की मला ते काम वाटेनासं झालं होतं. हात मांडीखाली ठेवल्यावर कळलं की मी किती करते. बटण मी लावते. चप्पल उजवी-डावी मी करते. पाणी गरम आहे का, मी बघते. तिच्या येण्यातलं निम्मं येणं माझं होतं.

"असं काय करतेस?" नवरा म्हणाला. "पोर उपाशी राहील."

"बोर्डापुढे सवय पाहिजे," मी म्हटलं.

त्याने माझ्या हातावरून हात पुढे घालून पोळी तोडली. म्हणून अपिलाला त्याला नेलं नाही.

उन्हाळा सुरू झाला होता. ई-रिक्षात तिने माझा हात धरला आणि रस्ताभर दुकानांच्या पाट्यांकडे बघत बसली. तिला मी घरातला रोजचा सलवार-कुर्ता घातला होता, बिनइस्त्रीचा. केस नुसते बांधले होते. मामंजी जिन्यापर्यंत आले होते आणि तिच्या कपड्यांकडे बघून त्यांनी तोंड फिरवलं होतं.

अपिलाच्या खोलीत माणसं होती, पण बोलल्या फक्त एक डॉक्टरबाई. वयस्कर, शांत, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी तिला आधी बघितलं, मग मला.

"आप ही जवाब देंगी?"

"जी."

"जी," मुलगी म्हणाली.

"अपने आप खाना खाती है?"

"रोटी तोड़कर दो तो खाती है. खुद नहीं तोड़ पाती."

"तोड़ पाती," मुलगी म्हणाली. डॉक्टरबाईंनी तिच्याकडे नजर टाकली आणि लिहिलं.

"नहाना?"

"नहीं."

"नहीं."

"कपड़े?"

"डाल लेती है, उल्टे-सीधे का पता नहीं. बटन नहीं लगता."

"नहीं लगता."

"माहवारी शुरू हुई?"

"इसी साल. समझ में नहीं आता उसे. सब मैं करती हूँ."

"मैं करती हूँ," ती आनंदाने म्हणाली. तिला वाटत होतं, आमच्या गप्पा चालल्या आहेत.

"अकेली बाहर जाए तो लौट आती है?"

मी वरातीची गोष्ट सांगितली. मागच्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतून बँड गेला, ही त्याच्या मागे गेली. आम्ही अंधार पडेपर्यंत शोधत होतो. सापडली ती लग्नाच्या मांडवात, नवऱ्याकडच्या बायकांत बसून गुलाबजाम खात. त्यांना वाटलं होतं नवरीकडची आहे, नवरीकडच्यांना वाटलं होतं नवऱ्याकडची. घरी ही गोष्ट आम्ही पाहुण्यांना हसवायला सांगतो. तिथे सांगताना कोणी हसलं नाही, आणि मला त्या गोष्टीची दुसरी बाजू पहिल्यांदा दिसली. ती बाजू मी इथे लिहीत नाही. मुलगी असलेल्या कोणालाही ती माहीत आहे.

मग डॉक्टरबाईंनी टेबलावर लाकडी ठोकळे ठेवले. "बेटा, मुझे दो गुटके दो."

तिने सगळे गोळा करून दोन्ही हातांनी पुढे केले. डॉक्टरबाईंनी परत ठेवले. "दो. सिर्फ दो."

तिने परत सगळे दिले, आणि या वेळी माझ्याकडे बघितलं. तिला कळत होतं की काहीतरी चुकतंय. घरी अशा वेळी मी एक बोट, दोन बोटं दाखवते. मी हातांवर बसले होते. ती बघत राहिली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. तिने ठोकळे टेबलावर ठेवले आणि माझ्या कुर्त्याची बाही ओढली, हलकीशी, जशी ती पाणी हवं असलं की ओढते. मी वळले नाही. माझ्या हातून आजवर बरंच काही झालं असेल, पण तेवढं अवघड काही झालेलं नाही.

डॉक्टरबाईंनी जुना कागद उलटला. "पिछले बोर्ड में लिखा है, पहाड़े सुनाती है."

"सुनाती थी. मराठी में. दादाजी ने सिखाए थे."

"सुनाओ तो बेटा. पहाड़ा सुनाओ."

मुलीने त्यांच्याकडे बघितलं. मांडीवर एक थाप मारली. "बे," ती म्हणाली. मग तिने बोट उचललं आणि स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

"यह क्या कर रही है?"

मी खरं ते सांगितलं. पूर्ण खरं सांगायचं ठरवूनच आले होते. मामंजींना काय वाटलं, त्यांनी काय केलं, सगळं.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "क्यों बंद करवा दिया? पहाड़ों का इसमें कुछ गिना ही नहीं जाता. रटना अलग चीज़ है. ऐसे कितने बच्चे आते हैं, कोई रेलगाड़ियों के नाम सुनाता है, कोई पूरी आरती." त्यांनी जुना कागद माझ्याकडे फिरवला. "नंबर यहाँ कटे थे. देखिए. हर सवाल पर, हाँ, करती है. आपके घरवालों ने जो कहा, वही लिखा गया. सुनाने देतीं बेचारी को."

"देतीं बेचारी को," मुलगी म्हणाली. बोट अजून ओठांवरच होतं.

आम्ही बाहेर आलो. उन्हात ई-रिक्षा मिळेना. मी तिला उसाचा रस घेऊन दिला, ग्लास मी धरला. तिथे हातांवर बसायची गरज नव्हती.

दाखला काही आठवड्यांनी आला. पंचाहत्तर टक्के. अर्ज पुन्हा भरला, या वेळी मंजूर झाला. मॅडम जींनी सीट राखली होती. मी कागद घेऊन गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "बहुत बढ़िया," आणि मग जीभ चावली. मी म्हटलं, राहू द्या, आमच्याकडे तर यावर पेढेही झालेत. आता ती रोज गाडीने जाते. बटणांवरून मण्यांवर आली आहे. दप्तर लावून दारात उभं राहणं तसंच आहे. मला विचाराल तर मी त्या खोलीत पुन्हा बसेन, पुन्हा कॅलेंडरकडे बघेन.

दाखला आला त्या संध्याकाळी मामंजींनी पेढे आणले नाहीत. त्यांनी कागद उजेडात धरून वाचला. एवढे पंचाहत्तर बघून त्यांचा हात जरा खाली आला.

"झालं ना काम?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"म्हणजे मी म्हटलं तेच. पाढे बंद केले म्हणून."

डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते तोवर मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही. मामंजींकडे बघितलं. ऐंशीच्या पुढचा माणूस, त्या उन्हाळ्यात चांगलाच वाळलेला.

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच झालं."

त्यांनी मान हलवली. मग ते न्हाणीघरात जाऊन हातपाय धुऊन आले आणि देवाशी दिवा त्यांनीच लावला. नेहमी मी लावते. मांडी घालून बसले आणि खिडकीकडे हाक मारली, "ये गं चिमणे. आता म्हणायचं. आता कोणी काही म्हणणार नाही."

"काही म्हणणार नाही," ती म्हणाली, आणि येऊन त्यांच्यासमोर बसली.

त्यांनी मांडीवर ताल धरला. "बे एके बे."

ती गप्प.

"बे दुणे चार. म्हण. बे त्रिक..." ते थांबले, तिला पुढचं घ्यायला जागा देत, जशी ते तिला नेहमी देत. पूर्वी त्या जागेत तिचा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा यायचा.

ती पुढे सरकली. हात लांब करून तिने आपलं बोट त्यांच्या ओठांवर ठेवलं. जोरात नाही. तो खेळ तिला आता चांगला येत होता.

"शू," ती म्हणाली.

त्यांनी तिचा हात बाजूला केला नाही. मी गॅस बंद केला आणि जेवायची पानं घेतली. दिवा तेवढा वेळ जळत होता. मग मी तिच्या शेजारी बसले आणि पोळीचे तुकडे करून तिच्या ताटात ठेवले.